कुटुंबनियोजन : हक्क की अट?

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव २०२३ सालापूर्वी महाराष्ट्राला फारसे ठाऊक नव्हते. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर तेथे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गावाचे नाव घरोघर पोहोचले. पुढे न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकाळातील दप्तरे तपासावयास घेतली. कोणाच्या पणजोबाच्या नावापुढे काय लिहिले आहे, यावर आजच्या मुलाचे भवितव्य ठरू लागले. सरकारी कागदावरील एका नोंदीचे मोल काय असते, हे या गावाने साऱ्या राज्याला शिकविले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

तथापि, याच गावांतील घराघरांत आणखी एका प्रकारच्या कागदांची शोधाशोध नित्य चालू असते आणि तिची दखल कोणतेही आंदोलन घेत नाही. ही शोधाशोध स्त्रिया करीत असतात. मुलीच्या जन्माचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पिवळी अथवा केशरी शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, आधार कार्ड आणि या सर्वांच्या जोडीला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाल्याचे प्रमाणपत्र! पहिले पाच कागद कचेरीत मिळतात. सहावा मात्र स्वतःच्या शरीराची किंमत देऊन मिळवावा लागतो. स्त्रियांच्या आरोग्याची योजना आणि लोकसंख्या आवरण्याची योजना यांतील अंतर या सहाव्या कागदाने पार पुसून टाकले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

पात्रता काय सांगते?

प्रथम नियम नीट समजून घेतले पाहिजेत. कारण नियम ठाऊक नसणे हीच गरीब स्त्रीची पहिली अपात्रता असते.

शासकीय रुग्णालयात नसबंदी करून घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रीसाठी केंद्र सरकारने घालून दिलेल्या अटी थोडक्यात अशा : ती विवाहित असावी, तिचे वय २२ ते ४९ वर्षांच्या दरम्यान असावे, दांपत्यास किमान एक अपत्य असून ते एक वर्षाहून मोठे असावे आणि पतिपत्नींपैकी कोणाचीही पूर्वी नसबंदी झालेली नसावी. वैद्यकीय कारणासाठी वा आधीची शस्त्रक्रिया असफल झाली असेल तर अपवाद आहेत. ही माहिती स्त्रीने स्वतः सांगावयाची असते. पतीची संमती लागत नाही, ही बाब नियमांत स्पष्ट लिहिलेली आहे. असे असूनही ‘मालकाची सही आणा’ असे सांगून बाईला दारातून परत पाठविण्याचा प्रघात अनेक ठिकाणी चालू आहे. कायद्याने तिला दिलेला निर्णय व्यवहारात पुन्हा पुरुषाच्या स्वाधीन केला जातो.

तांबी, गर्भनिरोधक गोळ्या, निरोध आणि २०१७ पासून मिळू लागलेली ‘अंतरा’ ही दर तीन महिन्यांनी घ्यावयाची सुई व ‘छाया’ ही आठवड्याची गोळी यांसाठी तर अर्जाचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे वा अपत्यसंख्येचे काहीच बंधन नाही. लागते ती केवळ वैद्यकीय तपासणी आणि स्त्रीची समजूनउमजून दिलेली संमती. सरकारी केंद्रांत ही साधने विनामूल्य मिळतात. म्हणजे पाळणा लांबविण्याच्या मार्गांत कागदपत्रे जवळजवळ नाहीत आणि पाळणा कायमचा थांबविण्याच्या मार्गावर मात्र पैसे, प्रमाणपत्रे व पारितोषिके यांची गर्दी आहे. यंत्रणेचा कल कोणीकडे आहे हे यावरूनच ध्यानात यावे.

महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राने ठरविलेल्या दरानुसार दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रीस नसबंदीनंतर ६०० रुपये, इतर स्त्रीस २५० रुपये आणि पुरुषास ११०० रुपये अशी भरपाई मिळत आली आहे. बुडालेल्या मजुरीची ही भरपाई, असे तिचे समर्थन केले जाते. पोट उघडून घेणारी स्त्री आठवडाभर जड काम करू शकत नाही. बिनटाक्याची नसबंदी करून घेणारा पुरुष दोन दिवसांत कामावर जाऊ शकतो. मग मजुरी अधिक कोणाची बुडते? पुरुषांना उत्तेजन मिळावे म्हणून त्यांचा दर अधिक ठेवला, हे खरे. परंतु त्या उत्तेजनाचे फलित काय?

भार कोणाच्या शिरावर?

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने याचे उत्तर दिले आहे. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. शंभर दांपत्यांत एकोणपन्नास स्त्रिया शस्त्रक्रियेच्या मेजावर जातात आणि पुरुष एकही धड नाही! शास्त्र सांगते की पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, अधिक सुरक्षित आणि थोडक्या वेळाची आहे. समाज सांगतो की तिने पुरुषाची ताकद जाते. शास्त्र आणि समज यांच्या या झगड्यात शासनाने समजाची बाजू घेतली, कारण ती सोयीची होती.

ही परिस्थिती आपोआप उद्भवलेली नाही. तिच्या मुळाशी आणीबाणीचा इतिहास आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत फार मोठा वाटा पुरुषांचा होता. शिक्षकांना, तलाठ्यांना ‘कोटे’ ठरवून दिले गेले. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, हे सुदैव. १९७७ साली जनतेने त्या राजवटीला उत्तर दिले. कार्यक्रमाचे नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ झाले. परंतु राज्यकर्त्यांनी त्या पराभवातून जो धडा घेतला तो विपरीत होता. पुरुषांवर सक्ती केली तर मते जातात, एवढेच त्यांच्या ध्यानात राहिले. सक्ती चूक आहे, हा खरा धडा बाजूलाच पडला. त्यामुळे पुढील दशकांत कार्यक्रमाचे ओझे निमूटपणे स्त्रियांच्या देहावर सरकविण्यात आले. स्त्री मतपेटीतून सूड उगवीत नाही, अशी त्यांची खात्री असावी!

१९९४ च्या कैरो परिषदेनंतर भारताने १९९६ साली वरून लादलेली उद्दिष्टे रद्द केली. २००० च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने स्वेच्छेचे तत्त्व मान्य केले. कागदावरचा हा बदल स्वागतार्हच होता. परंतु जानेवारी २०१२ मध्ये बिहारातील अररिया जिल्ह्यात एका शाळेत अवघ्या दोन तासांत ५३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूर जिल्ह्यात शिबिरांतील शस्त्रक्रियांनंतर तेरा स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत ही शिबिरे बंद करण्याचा आणि भरपाईच्या रकमा भरीव प्रमाणात वाढविण्याचा आदेश दिला. स्त्रीचे आरोग्य आणि तिचा प्रजननविषयक निर्णय हे जीविताच्या मूलभूत अधिकाराचे अंग आहेत, हे त्या निकालाचे सार होय.

मुलीच्या नावाने आईला अट

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाच्या ‘लेक लाडकी’ योजनेकडे पाहावयास हवे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी ही योजना आहे. पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेच्या आणि वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असलेल्या कुटुंबातील मुलीस जन्मतः ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये टप्प्याटप्प्याने मिळावयाचे आहेत. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यावयाचा आहे. मुलीचा जन्म साजरा व्हावा, ती शाळेत टिकावी, तिचे लग्न लवकर होऊ नये, या उद्देशांशी कोणाही पुरोगामी माणसाचे भांडण असणार नाही.

परंतु याच योजनेत एक अट आहे. पहिल्या अपत्याच्या तिसऱ्या हप्त्यासाठी आणि दुसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या हप्त्यासाठी अर्ज करताना माता किंवा पिता यांनी कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र जोडले पाहिजे. आधीच्या ‘माझी कन्या भाग्यश्री’ योजनेतही एक वा दोन मुलींनंतर नसबंदी ही अट होतीच. नव्या योजनेने नाव बदलले, अट कायम ठेवली.

या अटीचा अर्थ नीट तपासला पाहिजे. एखाद्या दांपत्याने दोन मुलींनंतर तांबी बसवून वा निरोध वापरून आपले कुटुंब मर्यादित ठेवले आहे. लोकसंख्येच्या दृष्टीने त्यांनी शासनाची इच्छा पूर्ण केली आहे. तरीही त्यांच्याजवळ शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र नाही, म्हणून सहावीतील मुलीचे ७ हजार अडणार. मग शासनाला हवे आहे ते लहान कुटुंब की स्त्रीचे ऑपरेशन? ज्या विधवेला वा टाकून दिलेल्या स्त्रीला पुन्हा अपत्य होण्याचा प्रश्नच नाही, तिने कोणते प्रमाणपत्र आणावे? ज्या बाईची गर्भाशयाची पिशवीच काढलेली आहे, तिच्या हाती कोणता दाखला द्यावयाचा? ‘माता किंवा पिता’ असे शब्द असले तरी ज्या राज्यात पुरुष नसबंदी अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे, तेथे ही अट प्रत्यक्षात कोणासाठी आहे, हे सांगावयास नको. आणि आईवडिलांनी शस्त्रक्रिया केली नाही, याची शिक्षा शाळेत जाणाऱ्या मुलीस का?

अटी घालून हक्क आक्रसण्याचा हा प्रकार एकाच योजनेपुरता नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेस किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ देऊ केला. केंद्र व राज्य सरकारच्या नोकरीतील वा अन्य कायद्याने असा लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने तो प्रथम पहिल्या अपत्यापुरता आणि पाच हजारांपुरता आणला. नंतर दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजार अशी सवलत दिली. दुसरा मुलगा झालेल्या वा तिसऱ्यांदा बाळंत होणाऱ्या मजूर स्त्रीची झीज भरून निघण्याची गरज नसते काय? १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीस ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येत नाही. तिसऱ्या मुलाचा हट्ट सासरच्यांनी धरावा आणि राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईचे पद जावे, हा न्याय कोणत्या समतेत बसतो?

उसाच्या फडातील पात्रता

बीड, जालना व शेजारच्या जिल्ह्यांतून दर हंगामात ऊसतोडीसाठी स्थलांतर होते. अंबड तालुक्यात ऊस पिकतो, अंकुशनगरला साखर कारखानाही आहे. तरी कोरडवाहू गावांतील मजुरांना कोयता घेऊन दूर जावेच लागते. मुकादमाच्या हिशेबी नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होतो. उचल दोघांच्या नावावर असते आणि एकाचा खाडा झाला तरी दंड दोघांच्या माथी बसतो. पाळीचे दुखणे, गर्भारपण वा बाळंतपण हा या हिशेबात खाडाच ठरतो.

मराठवाड्यात अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न होण्याचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक आहे. मुलगी मागे एकटी ठेवता येत नाही आणि लग्न लावले की नवा कोयता तयार होतो, ही त्यामागची आर्थिक कारणे आहेत. सतराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन बाळंतपणे, बाविसावे वर्ष लागताच नसबंदी आणि पुढे अंगावरून जाणे, कंबरदुखी सुरू झाली की खासगी दवाखान्यात पिशवी काढणे. अशी ही साखळी आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील गर्भाशये काढण्याचे प्रकरण गाजले. तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीची माहिती आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. या स्त्रियांना नसबंदीच्या पात्रतेचे नियम लागू पडत होते. पाळणा लांबविण्याचे साधन, पाळीच्या तक्रारीवर औषध आणि खाड्याविना विश्रांती मिळण्याची पात्रता मात्र त्यांना कोणत्याच नियमाने दिली नव्हती.

गावातील उपकेंद्र आणि आशा कार्यकर्ती या व्यवस्थेतील सर्वांत जवळचा आधार. परंतु हंगामाचे पाच-सहा महिने स्त्री फडावर आणि तिची नोंद गावात, असा प्रकार होतो. ‘अंतरा’ची दुसरी सुई चुकते. तांबी बसविल्यानंतरची तपासणी राहून जाते. अशा वेळी ‘एकदाचे ऑपरेशन करून टाक’ हा सल्ला सोयीचा वाटतो. स्थलांतर थांबत नाही आणि साधने स्त्रीच्या पाठोपाठ फडापर्यंत जात नाहीत, म्हणून शस्त्रक्रिया हीच तिची ‘स्वेच्छा’ ठरते. ज्या निवडीला पर्यायच नाही तिला स्वेच्छा म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

विरोध कशाला आणि कशाला नाही

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. या टीकेचा अर्थ कुटुंबनियोजनास विरोध असा मुळीच नाही. ही चळवळ महाराष्ट्रात सरकारने आणली नाही. ती सुधारकांनी सरकारपूर्वी कितीतरी आधी आणली. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकी गमावली आणि १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. १९३८ च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्र. जं. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाची साधने लोकांना उपलब्ध करून देण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. अंबड तालुका तेव्हा निजामी अमलात होता आणि तेथील स्त्रीपर्यंत त्या चर्चेचा शब्दही पोहोचला नसेल. परंतु त्या परंपरेचा गाभा स्पष्ट होता : मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, हे स्त्रीने ठरवावे आणि त्यासाठी लागणारे ज्ञान व साधने समाजाने तिला द्यावीत. कर्व्यांना स्त्रीच्या हाती सत्ता द्यावयाची होती, तिच्याकडून दाखला घ्यावयाचा नव्हता.

‘अट नसेल तर लोकसंख्या वाढेल’ हा युक्तिवाद आता टिकत नाही. महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ वर आला आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यास लागणाऱ्या २.१ च्याही खाली. इतकेच नव्हे, तर उलट दिशेचे वारे वाहू लागले आहेत. २०२४ च्या डिसेंबरात नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी दांपत्यांस दोनहून अधिक, म्हणजे तीन अपत्ये असावीत असे सांगितले. आंध्र प्रदेशाने त्याच वर्षी स्थानिक निवडणुकांतील दोन अपत्यांची अट काढून टाकली. काल ‘थांब’ म्हणणारे आज ‘आणखी’ म्हणू लागले. दोन्ही आज्ञांत स्त्रीला विचारण्याची पद्धत नाही. आजची अट मान्य केली तर उद्याची उलटी अटही मान्य करावी लागेल, हे कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे.

करावयाचे काम

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. ‘लेक लाडकी’ योजनेतील शस्त्रक्रियेच्या प्रमाणपत्राची अट रद्द झाली पाहिजे. मातृत्व लाभ अन्नसुरक्षा कायद्यानुसार सर्व मातांना मिळाला पाहिजे. ऊसतोड स्त्रीला फडाजवळच्या कोणत्याही आरोग्य केंद्रात गावच्याच नोंदीवर सुई, गोळ्या, तपासणी मिळाली पाहिजे. पुरुष नसबंदीचा प्रचार भिंतीवरील एका चित्रापुरता न राहता गावातील कर्त्या पुरुषांपर्यंत नेला पाहिजे आणि त्याची सुरुवात कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरापासून केली, तर त्या प्रचाराला वजन येईल.

मागण्या मान्य होईतो थांबण्याचे मात्र कारण नाही. अंतरवाली सराटीसारख्या प्रत्येक गावात आज करता येण्याजोगे काम आहे. नसबंदीसाठी पतीची सही लागत नाही, हे बायकांच्या बैठकीत वाचून दाखवावे. शस्त्रक्रियेआधी इतर साधनांची माहिती मिळणे आणि संमतिपत्र वाचून दाखविले जाणे हा हक्क आहे, उपकार नव्हे, हे सांगावे. शस्त्रक्रियेनंतर प्रमाणपत्र घेण्यास स्त्री परत जाते की नाही, हे पाहावे. पुरुषाचे प्रमाणपत्र तीन महिन्यांनी वीर्यतपासणीनंतरच मिळते, तोवर जोखीम असते, हेही बजावावे. शस्त्रक्रिया असफल होऊन दिवस गेले, काही बिघाड झाला किंवा मृत्यू ओढवला, तर शासनाची भरपाई योजना आहे. परंतु दावा ९० दिवसांत दाखल करावा लागतो आणि त्यासाठी मूळ कागद हाताशी लागतात. असफलतेनंतर गर्भ नको असेल तर १९७१ च्या कायद्याने आणि त्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने सुरक्षित गर्भपाताचा मार्ग खुला आहे व सज्ञान स्त्रीची एकटीची संमती त्यास पुरते. यांतील एकेक वाक्य एखाद्या स्त्रीचा जीव वा संसार वाचवू शकेल.

ज्या गावाने जुन्या दप्तरातील नोंदीसाठी साऱ्या राज्याला हलविले, त्या गावाला कागदाची ताकद समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच गावातील लेकीसुनांच्या हातातील कागदावर काय लिहिले आहे आणि ते कोणी लिहिले, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. तो विचारण्याचा पुढाकार समतेचे नाव घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा आहे.